कोशांतील चरित्र कसें सुधारावें : होमाई व्यारावाला यांच्या नोंदीच्या निमित्तानें

ज्ञानकोश हा वाचावयाचा ग्रंथ नसून पाहावयाचा ग्रंथ आहे, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते, व ती एका अर्थीं खरीही आहे. निबंध लिहावयाचा असला, किंवा वक्तृत्वस्पर्धेसाठीं एखाद्या थोर व्यक्तीची माहिती हवी असली, म्हणजे आपण कोशाकडे धांव घेतों; हवें तें पान उघडतों, चार ओळी उतरून घेतों आणि कोश मिटतों. त्या चार ओळी कोणीं लिहिल्या, कशावरून लिहिल्या, त्यांत कांहीं राहून गेलें आहे कीं काय, हा विचार सहसा मनांत येत नाहीं. छापलेलें तें खरें, आणि कोशांत छापलेलें तें तर त्रिवार खरें, असें आपण धरून चालतों.

मराठी भाषेपुरतें बोलावयाचें तर कोशकारांचे आपणांवर मोठे उपकार आहेत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ भाग सिद्ध केले. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनीं प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन असे तीन चरित्रकोश अनुक्रमें १९३२, १९३७ व १९४६ सालीं प्रसिद्ध केले. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं वाई येथें मराठी विश्वकोशाचें काम सुरू होऊन त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. आतां तर संगणकावरील मुक्त ज्ञानकोशांत कोणाही वाचकास भर घालण्याची व चूक दुरुस्त करण्याची मोकळीक आहे. म्हणजे जें काम पूर्वीं मूठभर पंडितांचें होतें, त्यास शाळेंतील मुलामुलींचाही हात लागूं शकतो. तेव्हां कोशांतील एखादें चरित्र अपुरें किंवा सदोष असल्यास तें सुधारावें कसें, याचा विचार एका उदाहरणाच्या आधारें करणें उपयुक्त होईल.

हें उदाहरण मुद्दाम एका स्त्रीचें घेतलें आहे. पुरुषांच्या नोंदींत त्यांनीं काय केलें हें आधीं येतें. स्त्रियांच्या नोंदींत त्या कोणाच्या कोण होत्या हें आधीं येतें, व त्यांनीं काय केलें याला शेवटीं एखादी ओळ मिळते. अशा नोंदींचा सांचा जणूं ठरलेलाच असतो : अमुक क्षेत्रांतील पहिली स्त्री, अमक्यांची पत्नी, जन्म, पारितोषिक, मृत्यु. या पांच खुंट्यांवर अख्खें आयुष्य टांगलें जातें. त्या स्त्रीनें हातांनीं केलेलें काम मात्र दोन खुंट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेंत हरवतें. वृत्तपत्रीय छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची नोंद जर कोणी या सांच्यांत बसविली, तर तिच्यांत काय काय हरवेल व तें परत कसें मिळवावें, हें आतां क्रमानें पाहूं.

प्रथम त्यांच्या आयुष्याची रूपरेषा. होमाईबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजीं नवसारी येथें एका पारशी कुटुंबांत झाला. वडील फिरत्या पारशी-उर्दू नाटकमंडळींत नट होते. शिक्षण मुंबईस झालें, सर जे. जे. कलाशाळेंत त्यांनीं चित्रकलेचे धडे घेतले. माणेकशा व्यारावाला यांच्याशीं त्यांची ओळख १९२६ सालीं झाली, आणि कॅमेरा हाताळण्याची विद्याही त्यांना माणेकशांकडूनच मिळाली. पुढें त्यांच्याशींच विवाह झाला. १९३८ च्या सुमारास मुंबईच्या एका स्त्रीमंडळाच्या वनभोजनाचीं होमाईबाईंनीं घेतलेलीं छायाचित्रें 'बॉम्बे क्रॉनिकल' पत्रांत छापून आलीं व प्रत्येक चित्रास एक रुपया मोबदला मिळाला. १९४२ सालीं ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीनिमित्त तें दांपत्य दिल्लीस गेलें. तेथें पुढील सुमारें तीन दशकें, म्हणजे परराज्याचा अस्त आणि स्वराज्याचा आरंभ यांच्या दोन्ही बाजूंस, होमाईबाईंनीं दिल्लीच्या सार्वजनिक जीवनाचें चित्रण केलें. १९६९ सालीं पति निवर्तले. १९७० सालीं त्यांनीं छायाचित्रणाचा व्यवसाय सोडला. २०११ सालीं पद्मविभूषण हा किताब मिळाला. १५ जानेवारी २०१२ रोजीं बडोदें येथें वयाच्या ९८ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें.

ही रूपरेषा चुकीची नाहीं. परंतु चूक नसणें निराळें आणि चरित्र पुरें असणें निराळें. सुधारणेची खरी जागा कोठें आहे?

पहिली जागा नांवाची. दुसरें महायुद्ध सुरू झालें त्या सुमारास मुंबईच्या 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया' या सचित्र साप्ताहिकासाठीं होमाईबाई काम करूं लागल्या. परंतु आरंभींच्या वर्षांत त्यांचीं छायाचित्रें त्यांच्या नांवानें छापलीं गेलीं नाहींत. तीं पतीच्या नांवानें छापलीं गेलीं. होमाईबाई अपरिचित होत्या व त्यांत स्त्री होत्या. अशा छायाचित्रकाराचें नांव वाचकांपुढें चालेल असें कोणास वाटलें नाहीं. आतां याचा कोशावर काय परिणाम होतो तें पाहा. त्या काळाचे जुने अंक चाळून, कोणाचीं किती चित्रें आलीं याची नोंद जर एखाद्या अभ्यासकानें केली, तर त्याच्या वहींत होमाईबाईंचा रकाना रिकामा राहील व माणेकशांचा भरेल. अभ्यासकानें खोटें कांहींच लिहिलें नसेल. छापलेल्या नांवांची त्यानें बरोबर नक्कल केली असेल. तरीही निष्कर्ष खोटा निघेल. म्हणून, 'आरंभींचीं कांहीं वर्षें यांचीं छायाचित्रें पतीच्या नांवानें प्रसिद्ध झालीं' हें वाक्य नोंदींत असलेंच पाहिजे. तें वाक्य कोणास दूषण देण्यासाठीं नव्हे. पुढें जो कोणी ते जुने अंक उघडील त्यास वाट दाखविण्यासाठीं तें आवश्यक आहे.

नांवाचा घोटाळा एवढ्यावरच थांबत नाहीं. त्यांचें माहेरचें आडनांव हाथीराम. शिवाय 'दालदा १३' हें टोपणनांवही त्यांनीं वापरलें. त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. जन्मसाल १९१३, पतीची ओळख झाली तीही तेराव्या वर्षाच्या सुमारास, आणि पहिल्या मोटारीचा क्रमांक पडला डी. एल. डी. १३. त्या तीन इंग्रजी अक्षरांचें झालें दालदा, आणि तेराचा अंक तर आधींच सोबत होता. चांगल्या नोंदींत हीं सर्व नांवें दिलेलीं असतात. इतकेंच नव्हे तर कोणी 'हाथीराम' किंवा 'दालदा' या अक्षराखालीं शोधूं लागला तर तेथेंही 'पाहा : व्यारावाला' अशी पाटी त्यास आढळते.

स्त्रीचें नांव असें बदलत जातें, व त्याबरोबर तिचें काम विखुरतें, याचें आणखी एक बोलकें उदाहरण सातासमुद्रांपलीकडचें आहे, आणि तें विमानांतून छायाचित्रें घेण्याच्या कलेचें आहे. या कलेचा आरंभ १८५८ सालचा. त्या वर्षीं नादार या फ्रेंच छायाचित्रकारानें पॅरिसजवळ वायुयानाच्या फुग्यांतून जमिनीचें चित्र घेतलें. पुढें विमानें आलीं आणि डोंगर, नदीचीं खोरीं, जुन्या वसाहतींच्या खुणा, जें जमिनीवरून एका दृष्टिक्षेपांत कधींच दिसत नाहीं, तें वरून दिसूं लागलें. १९३७-३८ सालीं रिचर्ड अपजॉन लाइट हा अमेरिकन शल्यवैद्य आपल्या तरुण पत्नीसह स्वतःच्या लहानशा विमानांतून दक्षिण अमेरिका व आफ्रिका या दोन खंडांवरून प्रवास करून आला. तो विमान चालवी. पत्नी मेरी संदेशयंत्र सांभाळी आणि कॅमेराही चालवी. किलिमांजारोचें मुख, मिसरचे पिरामिड, आफ्रिकेचीं रानें हीं तिनें आकाशांतून टिपलीं. १९४१ सालीं अमेरिकन भूगोल संस्थेनें 'फोकस ऑन आफ्रिका' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथकार म्हणून नांव पतीचें. छायाचित्रें मेरी लाइट यांचीं.

येथें तिचें नांव लपविलें गेलें नाहीं, हें खरें. पण ग्रंथालयाच्या यादींत ग्रंथ ग्रंथकाराच्या नांवानें लागतो. त्यांतून पुढें तिचा दुसरा विवाह झाला आणि ती मेरी मीडर झाली. जन्मतः ती मेरी अपजॉन. १९१६ ते २००८ असें ९१ वर्षांचें आयुष्य, आणि तीन आडनांवें. ज्यास मीडर ठाऊक त्यास लाइट सांपडत नाहीं, आणि ज्याच्या हातांत १९४१ चा ग्रंथ आहे त्यास मीडर सांपडत नाहीं. होमाईबाईंचें नांव पतीच्या नांवामागें गेलें. मेरीचें नांव प्रवासाच्या नायकामागें व पुढें स्वतःच्याच नव्या आडनांवामागें गेलें. वाटा दोन, परिणाम एक.

आपल्याकडे तर लग्नांत मुलीचें पाळण्यांतलें नांवही बदलण्याची चाल होती. खाडीपलीकडच्या कल्याणच्या माहेरवाशीण डॉ. आनंदीबाई जोशी यांचें माहेरचें नांव यमुना. ज्या कोशांत यमुनेचा उल्लेख नाहीं त्या कोशाच्या वाचकास तिच्या बाळपणाचा एखादा जुना कागद हातीं आला तरी ओळख पटावयाची नाहीं. म्हणून स्त्रीचें चरित्र सुधारणाऱ्यानें पहिला प्रश्न हाच विचारावा : हिचीं किती नांवें होतीं, आणि कोणत्या नांवाखालीं हिचें कोणतें काम लपलें आहे?

दुसरी जागा 'पहिली' या शब्दाची. हा शब्द कोशलेखकास फार प्रिय असतो, कारण तो लिहावयास सोपा व ऐकावयास भारदस्त. परंतु तो शब्द मर्यादा घातल्यावांचून लिहूं नये. होमाई व्यारावाला या भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तपत्रीय छायाचित्रकार म्हणून मान्यता पावल्या आहेत, आणि तें योग्यच आहे. परंतु 'वृत्तपत्रीय' हा शब्द गाळून कोणी 'भारतांतील पहिल्या स्त्री छायाचित्रकार' असें लिहील तर तें असत्य होईल. १८९२ सालीं राजा दीनदयाळ यांनीं हैदराबादेस पडदानशीन स्त्रियांच्या छायाचित्रांसाठीं निराळी चित्रशाळा उघडली होती व तिची व्यवस्था एका युरोपियन बाईकडे होती. बंगालमध्यें अन्नपूर्णा दत्त यांनीं छायाचित्रणाच्या व्यवसायावर चरितार्थ चालविला तो होमाईबाईंच्या आधीं. एक विशेषण गाळल्यानें एका बाईचा मान वाढत नाहीं. दोघी-तिघींचा मात्र पुसला जातो.

वैद्यकाच्या क्षेत्रांतही हीच गोष्ट दिसते. आनंदीबाईंना अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी मिळाली ती १८८६ सालीं. त्याच वर्षीं कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनीं वैद्यकाची परीक्षा देऊन सनद मिळविली. 'पहिली डॉक्टर' म्हणून एकीचेंच नांव पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास दुसरी ठाऊकच होत नाहीं. याउलट मर्यादा नीट घातलेला 'पहिली' कसा असतो, तें अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्या चरित्रांत दिसतें. अमेरिकन हवाई दलाच्या बाँबफेकी मोहिमेंत छायाचित्रें घेण्यासाठीं विमानांतून गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. स्थळ ट्युनिसचा प्रदेश, साल १९४३. कोणत्या दलाची, कोणत्या कामासाठीं, कोठें आणि कधीं, हें सर्व त्यांत आलें. असें वाक्य कोणासही तपासून पाहतां येतें.

तिसरी जागा तारखांची. होमाईबाईंचें काम मुख्यतः ऐतिहासिक प्रसंगांचें असल्यामुळें तारीख चुकली कीं चित्राचा अर्थच बदलतो. येथें तीन उदाहरणें पुरेत. लाल किल्ल्यावर फडकणाऱ्या ध्वजाचें चित्र पाहिलें कीं कोणीही सहज खालीं '१५ ऑगस्ट १९४७' असें लिहितो. वस्तुतः पंडित नेहरूंनीं लाल किल्ल्यावर ध्वज उभारला तो १६ ऑगस्ट रोजीं. १५ तारखेचा जाहीर समारंभ इंडिया गेटजवळील मैदानांत झाला होता. दुसरें, दलाई लामांचें. १९५६ सालीं ते नथु ला या खिंडींतून प्रथम सिक्कीममध्यें आले, त्या वेळीं होमाईबाईंनीं 'लाइफ' साप्ताहिकासाठीं त्यांचें छायाचित्र घेतलें. परंतु दलाई लामा म्हटलें कीं आपल्या मनांत १९५९ चें पलायन येतें, आणि तें तवांगच्या बाजूनें झालेलें. एक सालाची चूक केली कीं पाहुण्याचा निर्वासित होतो. तिसरें, फाळणीच्या प्रश्नावर काँग्रेस पुढाऱ्यांनीं हात वर करून मत दिलें त्या चित्राचें. माउंटबॅटन यांची योजना जाहीर झाली ती ३ जून १९४७ रोजीं, व काँग्रेस महासमितीची बैठक भरली ती १४ व १५ जून रोजीं. दोन्ही गोष्टी जून महिन्याच्याच असल्यामुळें मथळ्यांत त्यांची सरमिसळ सहज होते. ज्यास चित्राखालीं तारीख लिहावयाची आहे त्यानें आधीं बैठक कोणती हें ठरवावें, मग दिवस ठरवावा. इतिहासाच्या तासाला आपण सनावळीस कंटाळतों. पण चित्राची खरी सोबतीण सनावळीच असते.

चौथी जागा कामाच्या रीतीची. आणि सर्वांत अधिक रिकामी जागा बहुधा हीच असते. 'यांनीं अनेक गाजलेलीं छायाचित्रें घेतलीं' या वाक्यानें वाचकास कांहींच कळत नाहीं. हल्लींच्या मुलांना छायाचित्र म्हणजे खिशांतलें यंत्र काढून बोट टेकविणें एवढेंच ठाऊक असतें. होमाईबाईंच्या हातीं असत ते रोलिफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक या जातींचे कॅमेरे. रोलिफ्लेक्स छातीशीं धरून वरून आंत डोकावून पाहावयाचा. एका गुंडाळींत चित्रें बारा. स्पीड ग्राफिक त्याहून अवजड; त्यास फिल्मचा एकेक पत्रा घालावयाचा, व एका चौकटींत मावत दोन पत्रे. उजेड कमी असला तर लखलखाटाचा दिवा लावावयाचा. तो दिवा एकदां पेटला कीं निकामी, पुढच्या चित्रास नवा. म्हणजे पुढारी क्षणभर वळला, हंसला, नि झालें. तो क्षण हुकला तर पत्रा बदलून होईपर्यंत समारंभ पुढें गेलेला. अशा यंत्रांचें ओझें घेऊन, साडी नेसून, दिल्लीच्या रस्त्यांवरून सायकलीवर त्या प्रसंगस्थळीं जात. एवढें लिहिलें म्हणजे त्यांच्या प्रत्येक चित्राची किंमत विद्यार्थ्यास आपोआप कळते. 'अलौकिक', 'असामान्य' हीं विशेषणें वापरण्याची गरज उरत नाहीं.

याच ठिकाणीं त्यांच्या सांगण्यांतील एक मार्मिक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. स्त्रीला कोणी वृत्तपत्राची प्रतिनिधि म्हणून गंभीरपणें घेत नसे. त्यामुळें कोणी हटकीत नसे, आणि माणसें सावध होण्यापूर्वीं त्यांचें चित्र निघून जाई. जी उपेक्षा मुंबईस त्यांचें नांव छापूं देत नव्हती, तीच दिल्लीस त्यांना आडोसा देत होती. हा विरोध कोशांत दोन वाक्यांत मांडतां येतो. आणि कोणत्याही गौरवपर शब्दांपेक्षां त्यानें त्या काळावर अधिक प्रकाश पडतो.

पांचवी जागा, जें घडलें नाहीं त्याची. कोशांत सामान्यतः यशाचीच गणना असते. पण होमाईबाईंच्या चरित्रांत न घेतलेल्या एका छायाचित्राला मोठें स्थान आहे. ३० जानेवारी १९४८ रोजीं त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेस जावयास निघाल्या होत्या; दुसरे दिवशीं दोघें मिळून जाऊं, असें सांगून पतीनें त्यांना परत बोलाविलें. त्याच सायंकाळीं प्रार्थनेच्या वेळीं गांधीजींची हत्या झाली. अंत्ययात्रेचीं चित्रें त्यांनीं घेतलीं. परंतु त्या दिवशीं आपण तेथें नव्हतों याची रुखरुख त्यांनीं उतारवयांत बोलून दाखविली आहे. ही हकीकत नोंदींत घ्यावी. मात्र 'त्यांनीं सांगितल्याप्रमाणें' हे शब्द जोडून घ्यावी. ध्वज कोणत्या दिवशीं उभारला हें दहा कागदांवरून ठरतें. घरांतील दोन माणसांचें बोलणें एकाच्या आठवणीवरून ठरतें. दोन्ही सत्य असूं शकतात, परंतु दोहोंचा आधार निराळा आहे, आणि तो निराळेपणा वाचकास दाखविणें हें कोशलेखकाचें कर्तव्य होय.

सहावी जागा उत्तरायुष्याची. सांच्यांतली नोंद १९७० वरून एकदम २०११ वर उडी घेते, जणूं मधलीं चाळीस वर्षें कोणी जगलेंच नाहीं. त्यांनीं व्यवसाय कां सोडला? पतीचें निधन हें त्या काळाचें दुःख होतेंच. परंतु नव्या छायाचित्रकारांच्या वागणुकींतील बेशिस्त व सभ्यतेचा ऱ्हास आपणांस पटेना, असेंही कारण त्यांनीं स्वतः दिलें आहे. पूर्वीं छायाचित्रकारांत पेहरावाचे व अदबीचे नियम पाळले जात, तें पुढें राहिलें नाहीं, असें त्यांचें म्हणणें. नंतर त्या पिलानी येथें पुत्राजवळ राहिल्या; पुढें १९८२ सालीं बडोद्यास गेल्या. १९८९ सालीं पुत्राचेंही निधन झालें. तेव्हांपासून त्या एकट्याच, स्वावलंबनानें राहत असत. जगाला त्यांचा बव्हंशीं विसर पडला होता. तो विसर दूर होण्यास सबीना गडिहोक या अभ्यासिकेचें काम कारण झालें. त्यांनीं होमाईबाईंशीं बोलून, जुनीं चित्रें त्यांच्यासमोर ठेवून लिहिलेला ग्रंथ २००६ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें तो चित्रसंग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे जतनासाठीं सोंपविला गेला. म्हणजे पद्मविभूषण हा किताब आकाशांतून पडला नाहीं. एका अभ्यासिकेनें विचारलेल्या प्रश्नांचा व जपून ठेवलेल्या चित्रांचा त्याला आधार होता. ज्यांच्या बाबतींत कोणी विचारलें नाहीं त्यांचे किताब राहून गेले, हाही बोध त्यांतच आहे.

आतां या सर्व सुधारणा करून नोंद किती वाढते? विद्यार्थ्यांस भीति वाटते कीं सविस्तर लिहूं जातां कोशाचा ग्रंथ होईल. तसें कांहीं नाहीं. पुढील नमुना पाहावा :

'व्यारावाला, होमाई (९ डिसेंबर १९१३–१५ जानेवारी २०१२). भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तपत्रीय छायाचित्रकार. माहेरचें आडनांव हाथीराम. टोपणनांव दालदा १३. जन्म नवसारी, शिक्षण मुंबई. छायाचित्रण माणेकशा व्यारावाला यांच्याकडून शिकल्या व पुढें त्यांच्याशीं विवाह झाला. पहिलीं चित्रें १९३८ च्या सुमारास बॉम्बे क्रॉनिकल पत्रांत. इलस्ट्रेटेड वीकलींतील आरंभींचीं चित्रें पतीच्या नांवानें प्रसिद्ध. १९४२ पासून दिल्लींत. सत्तांतर, लाल किल्ल्यावरील ध्वजारोहण (१६ ऑगस्ट १९४७), गांधीजींची अंत्ययात्रा, दलाई लामांचें सिक्कीममध्यें आगमन (१९५६) इत्यादि प्रसंगांचें चित्रण. १९७० सालीं व्यवसायनिवृत्ति. नंतर पिलानी व बडोदें येथें वास्तव्य. सबीना गडिहोक यांच्या २००६ च्या ग्रंथानें कार्याची पुनरोळख. पद्मविभूषण २०११.'

शंभराच्या आंतबाहेर शब्द झाले. विशेषण एकही नाहीं. परंतु पूर्वींच्या पांच खुंट्यांपेक्षां यांत माणूस अधिक दिसतो. पतीचें नांव गाळलेलें नाहीं. तें गुरु म्हणून आणि विवाहसंबंधानें, आपल्या योग्य जागीं आलें आहे. चांगल्या संस्करणाची हीच खूण. त्यांत कोणाचें काढून कोणाला द्यावयाचें नसतें. ज्याचें त्यास परत करावयाचें असतें.

शेवटीं एक सूचना. दिल्लीच्या वा अमेरिकेच्या बायकांचीं चरित्रें सुधारण्याची संधि प्रत्येक विद्यार्थ्यास येईलच असें नाहीं. पण आपल्या भिवंडींत तोच अभ्यास घरबसल्या करतां येतो. मागांच्या या गांवांत कांडी भरणाऱ्या, मुलें शिकविणाऱ्या, बाळंतपणें करणाऱ्या, रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांनीं पिढ्यान् पिढ्या काम केलें आहे, आणि त्यांचीं नांवें कोणत्याही कोशांत नाहींत. घरोघरीं भिंतीवर किंवा पेटींत जुनीं छायाचित्रें असतात. मध्यें खुर्चीवर बसलेल्या पुरुषाचें नांव घरांत सर्वांस ठाऊक असतें, पण कडेला उभी असलेली आत्या कीं मावशी, यावर वाद होतो. या सुटींत प्रत्येकानें असें एक तरी छायाचित्र घ्यावें, आजीपाशीं बसावें, आणि चित्राच्या पाठीमागें मऊ शिसपेन्सिलीनें चार गोष्टी लिहाव्या : प्रत्येक स्त्रीचें माहेरचें व सासरचें नांव, चित्राचें साल व ठिकाण, ती काय काम करीत असे, आणि ही माहिती कोणीं सांगितली. साल नक्की ठाऊक नसेल तर 'सुमारें' हा शब्द लिहावा. अंदाजाला निश्चितीचा पोशाख चढवूं नये.

हें काम लहान दिसतें. परंतु सांगणारीं माणसें आज आहेत तीं उद्यां असतीलच असें नाहीं. आणि नांव एकदां चित्रावरून सुटलें कीं कोणत्याही पंडितास तें पुन्हां जोडतां येत नाहीं. तेव्हां पेन्सिल आजच हातीं घ्यावी, ही आमच्या विद्यार्थ्यांस विनंति.